मराठी मजकुरासाठी एडिटर करतोय, डीफॉल्ट फाँट कुठला ठेवावा?

उद्यमनगरकर

राम राम मंडळी. कोल्हापुरात शाहूपुरीत एका मित्राचं छपाईचं दुकान आहे. उन्हाळ्यात लग्नपत्रिका आणि पावसाळ्यात साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था यांचे वार्षिक अहवाल. मजकूर आधी साध्या फाईलीत टाइप होतो, मग एक बाई तो तपासतात, मग पानं लावायला जातो. यातल्या पहिल्या दोन कामांसाठी मी त्याला छोटा टेक्स्ट एडिटर करून देतोय. युनिकोडमध्ये टाइप करा, शोधा, बदला, साठवा. एवढंच.

बाकी सगळं उरकलं, फाँटापाशी येऊन अडलोय.

"ज्याला जो हवा तो निवडू दे की" असं कृपया म्हणू नका. निवडता येतोच. पण दुकानातली पोरं सेटिंग उघडत नाहीत. पहिल्या दिवशी जे समोर येतं त्यातच वर्षं काढतात. म्हणजे मी ठेवीन तोच त्यांचा फाँट.

परिस्थिती अशी: बहुतेक मशीनवर विंडोज १०, एकावर लिनक्स. पडदे जुने, १३६६ बाय ७६८ चे. मजकूर मराठी, अधूनमधून इंग्रजी, आणि आकडे म्हणाल तर पोत्यानं. फाँट एडिटरसोबतच द्यायचाय, तेव्हा तो मोफत वाटायची परवानगी हवी.

डोळ्यासमोर आहेत ते: मंगल, निर्मला यूआय, नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, तिरो देवनागरी मराठी. तुम्ही काय वापरता आणि का? नुसतं नाव सांगून जाऊ नका, "का" ते लिहा.

पांढरा_रस्सा

लग्नपत्रिकेचं दुकान म्हणतोस आणि वर विचारतोस काय! मंगलच पाहिजे की भावा. विषय संपला.

रेघोटी

रस्सेदादा, एवढ्यात नाही संपत :)

मंगलबद्दल आधी चांगलं बोलते, कारण त्याला नावं ठेवायची हल्ली फॅशन झालीय. र. कृ. जोशींनी काढलेला हा फाँट. जाहिरात, सुलेखन, कविता, आयआयटी मुंबईत शिकवणं, असा सगळीकडे वावरलेला माणूस. विंडोज २००० बरोबर मंगल आला आणि घरच्या कॉम्प्युटरवर वेगळं काही विकत न घेता देवनागरी दिसायला लागली. त्या वेळच्या पडद्यांवर अक्षर नुसतं वाचता येणं हेच मोठं काम होतं. वर्डच्या थीममध्ये देवनागरीसमोर बरीच वर्षं मंगलचं नाव लिहिलेलं असायचं. इंग्रजी कॅलिब्रीत असलं तरी मराठी टाइप करताच मंगल हजर व्हायचा तो त्यामुळे.

पण तुमच्या कामाला तो बसत नाही. मायक्रोसॉफ्टचा आहे, एडिटरसोबत बांधून देता येणार नाही. विंडोज १० मध्ये तो मूळ संचातही नाही, अपराजिता, कोकिळा, उत्साह यांच्याबरोबर देवनागरीच्या पुरवणी फाँटांत ढकललाय. मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की उतरतो, नाहीतर नाही. मूळ संचात असतो तो निर्मला यूआय, विंडोज ८ पासूनचा. तोही मायक्रोसॉफ्टचाच, म्हणजे वाटायचा प्रश्न तसाच.

शिवाय मंगलच्या ओळी एकमेकींपासून इतक्या लांब पडतात की ७६८ उंचीच्या पडद्यावर मजकूर थोडा आणि पांढरी जागाच जास्त. ल आणि श चाही एक घोळ आहे, तो सवडीनं लिहिते.

पुणेकर_सध्या_तरी

एडिटर म्हणजे मोनोस्पेस फाँट, प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देणारा, एवढं साधं आहे. जगातले झाडून सगळे एडिटर तेच करतात. नोटपॅडमध्ये कन्सोलास असतो आणि त्यात मी रोज मराठी लिहितो. काही अडत नाही.

पाचवीगल्ली

अडत नाही, कारण तुम्ही कन्सोलासमध्ये मराठी लिहीतच नाही. कन्सोलासमध्ये देवनागरी एक अक्षरही नाही. तिथं 'क' सापडला नाही की विंडोज ज्या फाँटात तो आहे तिथून उसना आणतं. तुम्ही निवडता एक, बघता दुसरंच. व्हीएस कोड या प्रोग्रामरांच्या एडिटरमध्येही हेच होतं. तिथं निदान स्वल्पविराम देऊन फाँटांची रांग लिहिता येते, पहिला इंग्रजीसाठी, दुसरा देवनागरीसाठी. दुसरं नाव लिहिलं नाही तर जे मिळेल ते.

धागाकर्त्यांनी हे पहिल्यांदा लक्षात घ्यावं. डीफॉल्ट फाँट म्हणजे एक नाव नाही, दोन नावं आहेत. मराठीचं आणि इंग्रजीचं. आणि दोन्हींची उंची जमली पाहिजे. एकाच मापात देवनागरी इंग्रजीच्या शेजारी खुजी दिसते. मग लोक माप वाढवतात आणि इंग्रजी अंगावर येते.

मोनोस्पेसचं म्हणाल तर देवनागरीत 'र' ला आणि 'ज्ञ' ला सारखीच जागा दिली की 'र' च्या दोन्ही बाजूंना भोकं पडतात आणि 'ज्ञ' चेंगरतो. बरं, जागा मोजायची तरी कशाची? 'क्षि' दिसायला एक अक्षर, फाईलीत चार कोड: क, हलन्त, ष, वेलांटी. खालच्या पट्टीत एडिटर 'स्तंभ ४२' दाखवतो तेव्हा तो काय मोजतोय ते त्यालाच ठाऊक.

खिळेजुळारी

पाचवीगल्लीवाले, मराठी टाइपरायटर सारख्याच जागेचा होता हे विसरू नका. अर्ध अक्षर एका कळीनं उमटवायचं, त्याला काना जोडून पुरं करायचं. कोर्टाचे निकाल, नगरपालिकेचे ठराव, खरेदीखतं, सगळी त्यावरच टाइप झाली आणि लोकांनी वाचली. देखणं नव्हतं, पण "देवनागरीत जमतच नाही" असं नाही.

पाचवीगल्ली

काका, मान्य. जमतं, पण ते अक्षर टाइपरायटरच्या सोयीनं मोडून घेतलेलं होतं. आज तेवढ्यासाठी तसं लिहिणार का?

मोनोस्पेसमधली एकच गोष्ट मात्र इथं उचलण्यासारखी आहे. आकडे. कारखान्याच्या अहवालात गाळप, उतारा, येणी-देणी यांचे रकाने असतात. ०१२३४५६७८९ हे दहाही आकडे सारख्या रुंदीचे नसले तर रकाना वेडावाकडा होतो आणि एखादा शून्य जास्त पडलेला दिसत नाही. १ बारीक आणि ६ रुंद असा फाँट हिशेबाच्या कामाला बाद.

मास्तरीणबाई

मी दुकानातल्या त्या बाईंसारखंच काम करते, मुद्रितशोधनाचं. शाळा सुटली, लाल पेन काही सुटलं नाही.

वरची सगळी चर्चा दिसण्यावर चाललीय म्हणून माझं गाऱ्हाणं मांडते. एडिटरमध्ये मजकूर कुणी वाचायला घेत नाही. तिथं मजकूर दुरुस्त होतो. मला देखणा फाँट नको, चुगलखोर फाँट हवा. चूक झाली की त्यानं लगेच माझ्या कानाशी येऊन सांगितलं पाहिजे.

कसल्या चुका? पहिला उकार आणि दुसरा उकार. बारीक मापात कित्येक फाँटांत ु आणि ू यांच्या शेपटीत फरकच कळत नाही. 'मधु' आणि 'मधू' एकसारखे दिसले तर मी काय तपासू? मग अनुस्वार. टिंब एवढं बारीक की पडद्यावरची धूळ वाटावी. रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आले की टिंब हमखास कशात तरी बुडतं. 'मूर्तींना' लिहून बघा.

मग विसर्ग. टाइप करणारी मुलं 'दुःख' मध्ये विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन मारतात, कारण कळ हाताशी असते. छापल्यावर दिसतं सारखंच. पण नंतर 'दुःख' शोधायला गेलं की तो शब्द सापडत नाही. ज्या फाँटात विसर्गाचे ठिपके गोल आणि शिरोरेषेखाली नीट बसलेले, आणि कोलन मात्र चौकोनी किंवा खाली सरकलेला असतो, त्यात हे चटकन पकडता येतं.

आणि 'शुद्ध' की 'शुध्द'. हा एकच शब्द मी कितीदा दुरुस्त केला असेल देव जाणे. 'द्ध' हे जोडाक्षर फाँटात नीट एकावर एक बांधलेलं असेल तर 'ध्द' लांबूनच परका दिसतो.

फाँट निवडताना एवढं बघा. सौंदर्य छपाईच्या वेळी बघू.

घाटावरची

मास्तरीणबाईंशी असहमत. तुम्ही तपासता, मी लिहिते. दिवसभर ज्या अक्षरांकडे बघायचं ती डोळ्याला बरी वाटायला नकोत? चुगलखोर फाँटात मला दोन परिच्छेद सुचत नाहीत, सारखं आपलंच चुकतंय असं वाटतं. मी तिरो देवनागरी मराठी वापरते. पुस्तकाच्या पानावर लिहितेय असं वाटतं आणि ल, श आपल्या वळणाचे येतात.

रेघोटी

तिरो सुंदरच आहे. मुळात अभिजात ग्रंथांच्या छपाईसाठी काढलेल्या अक्षरांतून आलाय. हिंदी, मराठी, संस्कृत असे तीन वेगळे फाँट आहेत, आणि मराठीच्या फाँटात मराठी वळणं आपोआप पहिली येतात. पण तो कागदासाठी विचार केलेला फाँट. जाड रेघ जाड, बारीक रेघ अगदी बारीक. घाटावरचीताईंचा पडदा चांगला असणार. १३६६ च्या पडद्यावर, त्यातून माप लहान ठेवलं तर, बारीक रेघा करड्या होऊन विरतात आणि मास्तरीणबाईंचा दुसरा उकार नेमका तिथंच हरवतो. त्यात ठळक वजन, म्हणजे जाड रेघेचा प्रकार, तोही नाही, साधा आणि तिरका एवढेच. मथळा ठळक करायचा म्हटलं की कॉम्प्युटर अक्षर ओढूनताणून जाड करतो.

मुक्ता याच्या उलट. मुंबईच्या एक टाइपचा. रेघ सगळीकडे जवळजवळ एकाच जाडीची, अक्षरांची पोटं उघडी, सात वजनं, आणि इंग्रजी त्याच कुटुंबातली, त्यामुळे उंचीचं भांडण नाही. मला विचाराल तर मुक्ता. परवाना ओपन फाँट लायसन्सचा. एडिटरसोबत द्या, दहा ठिकाणी वाटा, फक्त नुसता फाँट वेगळा विकायचा नाही. नोटोचाही परवाना तोच.

पांढरा_रस्सा

नाद खुळा. मी आपलं मंगल म्हणून मोकळा झालो होतो. इथं तर पीएचडी चाललीय.

खिळेजुळारी

मास्तरीणबाईंचं म्हणणं मला सोळा आणे पटलं, आणि त्याला कारण आहे.

लक्ष्मीपुरीत मी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायला शिकलो तेव्हा गॅली प्रूफ, म्हणजे पानं लावण्याआधीचा तपासणीचा छाप, वेगळं आणि पानाचं प्रूफ वेगळं. गॅलीच्या कागदाला समास मोठा सोडायचा, कारण तिथं खुणा करायच्या असत. गॅली देखणी करायला कुणी जात नसे. तुमचा एडिटर म्हणजे गॅलीच. पान ही पुढची गोष्ट. हल्लीची पोरं टाइप करतानाच पान सजवायला बसतात आणि चुका सजून छापल्या जातात.

आता फाँटाविषयी. डीटीपी आलं तेव्हा आम्ही श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे फाँट वापरायला लागलो. त्या काळी "डीफॉल्ट फाँट कुठला" हा आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. फाईलीत खरं तर इंग्रजी अक्षरांचेच आकडे साठवलेले, आणि फाँट त्या आकड्यांच्या जागी क, ख, ग चं चित्र दाखवायचा. फाँट गेला की मजकूर गेला. फाईल दुसऱ्या दुकानात नेली आणि तिथं तो फाँट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. एका कंपनीचा फाँट काढून दुसऱ्या कंपनीचा लावला तरी खिचडीच, कारण प्रत्येकाचा आकड्यांचा हिशेब निराळा. फाईलीबरोबर फाँटाची फ्लॉपी द्यायची ही रीतच होती.

आज तुम्ही मुक्ता की नोटो यावर निवांत वाद घालताय तो युनिकोडमुळे. फाँट बदलला तरी 'क' हा 'क' च राहतो.

एक प्रश्न मात्र उद्यमनगरकरांना. त्या दुकानात जुने अहवाल असणारच. पोरं मागच्या वर्षीचा अहवाल उघडून आकडे बदलतात, नवा कुणी टाइप करत नाही. ती जुनी फाईल तुमच्या एडिटरमध्ये उघडली तर काय?

उद्यमनगरकर

काका, बरोबर ओळखलंत. आहेत, आणि ढिगानं आहेत. तिथं फाँट काही करू शकत नाही, मजकूरच बदलून घ्यावा लागतो. रूपांतर करणारं वेगळं साधन जोडलंय. एडिटर जुनी फाईल ओळखतो आणि आधी रूपांतर करू का असं विचारतो. त्यातही वेलांटी आणि रफार यांची जागा चुकते. जुन्या फाईलीत वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी लिहिलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. म्हणून रूपांतर झालेला मजकूर बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढं पाठवायचा नाही असं ठरवलंय.

रेघोटीताई, ल आणि श चं काय ते राहिलं.

रेघोटी

हो, ते आता.

मराठीत आपण पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितो. हिंदीत दंडाचा ल आणि शेंडीचा श. शासनानं २००९ साली वर्णमाला ठरवून दिली तेव्हा मराठी वळणंच घेतली. पण युनिकोडमध्ये दोन्ही ल ना एकच क्रमांक आहे, कारण अक्षर एकच, वळण वेगळं. वळण कुठलं दाखवायचं हे फाँट ठरवतो. आणि फाँटाला ते ठरवायला मजकूर कुठल्या भाषेचा आहे हे कळावं लागतं.

वेबपानावर भाषा मराठी असं लिहिलेलं असतं, ब्राउझर ते फाँटाला सांगतो, फाँट मराठी ल काढून देतो. वर्डमध्येही मजकुराला भाषा लावता येते. साध्या टेक्स्ट फाईलीत हे कुठंच लिहिलेलं नसतं. नुसती अक्षरं. मग फाँट त्याचं नेहमीचं वळण दाखवतो, आणि मंगल, निर्मलासारख्या बऱ्याच फाँटांचं नेहमीचं वळण हिंदी आहे.

पुणेकर_सध्या_तरी

वळण कुठलंही असो, वाचता येतं ना? शेंडीचा श वाचून कुणाचा श्वास अडकला नाही आजवर.

मास्तरीणबाई

वाचता येतं. पण पहिलीच्या पुस्तकात मूल एक ल गिरवतं आणि पडद्यावर दुसराच बघतं. शिवाय दुकानात अहवाल पास करायला येणारे संचालक "हा ल हिंदी आहे" म्हणून परत पाठवतात, तेव्हा तुम्ही समजवायला येणार आहात का?

पाचवीगल्ली

फाईलीत भाषा नसली तरी एडिटरला ती सांगता येते. अक्षरं जुळवून दाखवण्याचं काम बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते. तिला मजकुराबरोबर भाषा कळवायची सोय आहे. तुमचा एडिटर मराठीसाठीच आहे, तेव्हा भाषा मराठी असं कायमचं सांगून टाका. नोटो सान्स देवनागरीत मराठी ल आणि श आत ठेवलेले आहेत, भाषा कळली की ते बाहेर येतात.

लिनक्सच्या मशीनवर एक गंमत होईल. काही वेगळं सांगितलं नाही तर तिथले बरेच प्रोग्राम भाषा सिस्टिमच्या लोकेलवरून, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवरून, घेतात. लोकेल इंग्रजी असेल तर हिंदी ल, मराठी केलं तर मराठी ल. तीच फाईल, तोच फाँट. म्हणून लोकेलवर विसंबू नका.

दुसरा एक मार्ग आहे. परवाना परवानगी देतो, तेव्हा फाँट उघडून मराठी वळणंच नेहमीची करून टाकायची आणि वेगळ्या नावानं ठेवायचा. मी सुचवत नाही. मूळ फाँट सुधारला की दरवेळी आपल्याला पुन्हा तेच करत बसावं लागतं.

मास्तरीणबाई

पाचवीगल्ली, आणखी एक विचारते. चंद्रकोरीचा र. 'खोऱ्यात', 'पायऱ्या', 'ऱ्हास'. हा कधी शोधून सापडतो, कधी नाही. डोळ्याला दोन्ही ठिकाणी सारखाच दिसतो. माझा चुगलखोर फाँट इथं गप्प का?

पाचवीगल्ली

कारण तिथं चुगली करणं त्याच्या हातात नाही. चंद्रकोर लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन हलन्त आणि य. दुसरीत साधा 'र', हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. कुठली येते ते कीबोर्डवर अवलंबून. फाँट दोन्हींचं चित्र एकच काढतो, आणि काढायलाच हवं. सोडवायचं ते एडिटरनं. शोधताना दोन्ही एकच धरायचे आणि साठवताना एकाच रीतीत आणायचे.

'ॲ' चंही थोडंफार असंच. ते स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे लोक 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवायचे आणि कित्येक जण अजून भागवतात. फरक इतकाच की इथं काही फाँट बोलतात, चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतात. मास्तरीणबाईंना तो फाँट आवडेल.

खिळेजुळारी

फाँट पारखायला एक ओळ देतो. आपल्या जिल्ह्याचे तालुके लिहून काढा: करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, हातकणंगले, शिरोळ, कागल, गडहिंग्लज, चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा. यात ल आला, श आला, ळ आला, 'ग्ल' आणि 'न्ह' आले, दोन्ही उकार आले, हातकणंगलेचा अनुस्वार आला. शेवटी 'कोल्हापूर' लिहा म्हणजे अर्धा ल कसा दिसतो तेही कळेल. चंद्रकोर मात्र यात नाही, म्हणून 'दूधगंगा-वेदगंगा खोऱ्यात' एवढं जोडा. मास्तरीणबाईंचे 'मूर्तींना', 'दुःख', 'शुद्ध' आहेतच. ही ओळ ज्या फाँटात मान न वाकवता वाचता आली तो घ्या. इंग्रजीतल्या कोल्ह्या-कुत्र्याच्या वाक्यानं मराठी फाँट पारखू नये.

पांढरा_रस्सा

काका, ओळ लई भारी. टाकून बघितली. माझ्या मोबाईलवर गडहिंग्लजचा 'ग्ल' मस्त आला, ल मात्र दंडाचाच.

उद्यमनगरकर

काकांची ओळ घेऊन दुकानात बसलो होतो. एका पडद्यावर नोटो, शेजारी मुक्ता, आणि घाटावरचीताईंच्या मानासाठी तिसरीकडे तिरो. फाँटाचं नाव झाकून पोरांना आणि तपासणाऱ्या बाईंना विचारलं.

पोरांना मुक्ता आवडला. बाईंना नोटो. त्यांच्या नजरेला त्या मापात ु-ू चा फरक नोटोत जास्त ठळक वाटला. तिरो बघून "हा पुस्तकाला घेऊ" म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

तेव्हा ठरवलं ते असं. डीफॉल्ट नोटो सान्स देवनागरी, इंग्रजीला नोटो सान्स, भाषा मराठी अशी एडिटरमध्येच पक्की. माप पोरांनी मागितलं त्यापेक्षा एक घर मोठं. ओळींमधलं अंतर मापाच्या दीडपटीहून थोडं जास्त, कारण त्याहून कमी केलं की वरच्या ओळीचा दुसरा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत अडकतात. मुक्ता दुसरा पर्याय म्हणून सोबत दिलाय, एका कळीवर बदलतो. सेटिंग उघडावं लागत नाही, तेव्हा पोरं कदाचित वापरतीलही.

विसर्गाच्या जागी कोलन दिसला तर एडिटर खाली लाल रेघ मारतो. दोन्हीकडे मराठी अक्षर असेल तरच, नाहीतर वेळेच्या 'सकाळी ११:३०' खालीही रेघा यायला लागल्या होत्या.

मास्तरीणबाई

शब्दाच्या शेवटी विसर्ग असतो त्याचं काय? 'अंशतः', 'स्वतः', 'विशेषतः'. तिथं पुढं अक्षर नसतं, मोकळी जागा असते. आणि 'अध्यक्ष:' असं लिहिलं तर तो खरंच कोलन असतो. अहवालात हे दोन्ही पानोपानी येतं.

उद्यमनगरकर

हे मात्र निसटलं असतं. असे विसर्गान्त शब्द मराठीत मोजकेच आहेत, त्यांची यादी करून घालतो. तुम्हाला आठवतील तेवढे इथंच लिहा ना.

मास्तरीणबाई

घ्या: अंशतः, स्वतः, विशेषतः, सामान्यतः, मुख्यतः, बहुशः, क्रमशः, अक्षरशः, शब्दशः, वस्तुतः, मूलतः, पूर्णतः, अंततः, प्रायः, पुनः. 'इतस्ततः' अहवालात येणार नाही, पण असू द्या.

रेघोटी

'कोटिशः' राहिला. आभाराच्या पानावर हमखास असतो.

पाचवीगल्ली

लिनक्सवाल्या मशीनवर भाषा पक्की केलीत ना? तिथं ल बघून सांगा.

उद्यमनगरकर

केली. लोकेल इंग्रजीच ठेवून बघितलं, 'कागल' पाकळीचा आला. 'कोटिशः' यादीत घातला.